नक्कल आणि अवलोकन : मोबाइलमधील खासगी कागदपत्रांची देवघेव

दसऱ्याच्या सुमारास वऱ्हाडात शेतोशेती सीतादहीची पूजा होते आणि कापसाच्या वेचणीला आरंभ होतो. पूर्वी यानंतरची चिंता असे ती बैलगाडीची, मजुरांची आणि बाजारभावाची. २०२५-२६ च्या हंगामापासून तीत एका नव्या गोष्टीची भर पडली. हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या कास्तकारांसाठी भारतीय कपास निगमने ‘कपास किसान’ हे मोबाइल ॲप सुरू केले. त्यात आधार, जमिनीचा उतारा आणि पेऱ्याची नोंद जोडून नाव नोंदवायचे व नंतर माल आणण्याचा दिवस राखून ठेवायचा, अशी रीत ठरली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खुल्या बाजारात भाव उतरला की शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार, हे या दोन-तीन फाइली नीट चढल्या की नाही यावर ठरू लागले.

दर्यापूर, अकोट किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या गावचा कास्तकार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या आधारपत्राचे छायाचित्र पुतण्या आपल्या मोबाइलवर काढतो. ते व्हॉट्सॲपवरून सेवा केंद्र चालविणाऱ्या मित्राकडे जाते. मित्र ते केंद्रातील संगणकावर उतरवून घेतो. फाइल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी निघते, म्हणून कुठल्याशा फुकट ॲपमधून ती लहान केली जाते. वाचता येत नाही म्हणून पुन्हा एक छायाचित्र मागविले जाते. एक छापील प्रत काढून खिळ्याला अडकविली जाते. शेवटी काम होते, कापूस विकला जातो, पैसेही खात्यात जमा होतात. पण कापूस एकदाच गेला आणि आधारपत्राच्या प्रती सहा-सात ठिकाणी कायमच्या राहिल्या. त्यांतील एकही प्रत आता कास्तकाराच्या ताब्यात नाही आणि कोठे काय आहे याची त्याला कल्पनाही नाही.

यात कोणाचा वाईट हेतू होता असे नव्हे. उलट सर्वांनी मदतच केली. गैरसोय अशी की, मोबाइलमधून कागद ‘देणे’ म्हणजे नेमके काय घडते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांच्या हातांतून तर रोज इतरांचे कागद जातात. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेणे इष्ट ठरेल.

अभिलेख कक्षातील रीत

महसूल कार्यालयाचा ज्यांना परिचय आहे त्यांना अवलोकन आणि नक्कल यांतील भेद सांगावयास नको. एखाद्या पक्षकारास जुनी फेरफार नोंद पाहावयाची असेल तर तो अर्ज करतो, लिपिक दप्तर सोडतो, आणि पक्षकार त्याच्यासमोर ती नोंद वाचून घेतो. दप्तर पुन्हा बांधले जाते. हे अवलोकन झाले. नक्कल हवी असेल तर वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि दिलेल्या नकलेची नोंद. अवलोकनाने कागद जागचा हलत नाही. नक्कल मात्र एकदा कार्यालयाबाहेर पडली की तिच्यावर कार्यालयाची सत्ता उरत नाही. वऱ्हाडात पटवाऱ्याचे दप्तर लाल फडक्यात बांधलेले असे, ते काही केवळ धुळीच्या भयाने नव्हे.

मोबाइलमध्येही नेमक्या याच दोन रीती आहेत. दुर्दैव असे की पडद्यावर दोन्हींचे बटण पुष्कळदा एकच दिसते.

प्रत्येक ॲपची वेगळी खोली

अँड्रॉइड प्रणालीवरील मोबाइलमध्ये प्रत्येक ॲप हे स्वतंत्र बिऱ्हाड असते. ॲप बसविताच प्रणाली त्याला एक स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक देते आणि कुलूपबंद खोली नेमून देते. बँकेच्या ॲपच्या खोलीत काय आहे हे खेळाच्या ॲपला दिसत नाही, आणि दिसू नये अशीच योजना असते. आयफोनमध्येही तत्त्व हेच आहे, किंबहुना तेथील भिंती आरंभापासून अधिक कडक होत्या.

पण या वाड्याला एक ओसरीही असते. छायाचित्रे, डाउनलोड केलेल्या फाइली, मेमरी कार्ड हे सारे या सामाईक ओसरीवर पडलेले असते. जुन्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये, ‘साठवणुकीची परवानगी द्या’ या प्रश्नाला एकदा होकार दिला की ते ॲप संपूर्ण ओसरी धुंडाळू शकत असे. विजेरीच्या ॲपला तुमच्या आधारपत्राचे छायाचित्र कशाला पाहिजे, असा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. २०१९ व २०२० साली आलेल्या दहाव्या आणि अकराव्या आवृत्तींनी या ओसरीवर आडभिंती घातल्या. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीबरोबर अशी सोय आली की, ॲपला सर्व छायाचित्रे न दाखविता वापरकर्त्याने निवडलेले एखादेच छायाचित्र त्याच्या हाती द्यावे.

आता एका ॲपच्या खोलीतील फाइल दुसऱ्या ॲपला द्यावयाची असेल तर काय घडते? पूर्वी पुष्कळ ॲप्स सरळ फाइलचा पत्ता देत, म्हणजे अमुक कपाट, अमुक कप्पा. तो पत्ता उपयोगी पडावा म्हणून फाइल ओसरीवर किंवा कुलूप काढलेल्या जागी ठेवावी लागे, आणि मग ती ज्याला हवी तो वाचू शकत असे. २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून नव्या ॲप्सना असा उघडा पत्ता देण्यास अँड्रॉइडने मनाई केली. त्याऐवजी ॲपने एक चिठ्ठी द्यावी असे ठरले. चिठ्ठीवर कपाटाचा पत्ता नसतो, केवळ एक खूण असते. ‘ही एकच फाइल, या एकाच ॲपला, फक्त वाचण्यासाठी’ अशी तात्पुरती परवानगी त्या चिठ्ठीसोबत जाते. समोरच्या ॲपने खूण दाखविली की मूळ ॲपचा एक दुय्यम भाग, ज्याला आपण अभिलेखपाल म्हणू, फाइल उघडून दाखवितो. समोरच्या ॲपचे ते काम मिटले की परवानगीही संपते. तिसऱ्या ॲपने तीच खूण पुढे केली तर त्याला दार उघडत नाही.

अवलोकनाची ही व्यवस्था अतिशय चांगली आहे आणि आपण ‘शेअर’चे चिन्ह दाबतो तेव्हा बहुधा तीच काम करीत असते. मात्र तिची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अवलोकनास आलेल्या पक्षकाराने नोंद वाचता वाचता वहीत उतरवून घेतली तर अभिलेखपाल काय करणार? समोरच्या ॲपला फाइल वाचता आली म्हणजे तिची प्रतही करता आली. व्हॉट्सॲप तेच करते, कारण प्रत पाठविणे हेच त्याचे काम. चिठ्ठीची मुदत संपते. प्रतीला मुदत नसते.

अभिलेखपाल गाफील असेल तर

व्यवस्था चांगली असूनही तिची अंमलबजावणी ॲप बनविणाऱ्याच्या हाती असते. याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. इंटरनेट महाग होते त्या काळात गावोगावचे तरुण ‘शेअरइट’ व ‘झेंडर’ या ॲप्सवरून एका मोबाइलमधून दुसऱ्यात गाणी, चित्रपट आणि पुढे पुढे कागदपत्रेही पाठवीत. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. कागद टिपणारे लोकप्रिय ‘कॅमस्कॅनर’ही त्याच यादीत होते. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ट्रेंड मायक्रो या संगणक सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने शेअरइटच्या अँड्रॉइड आवृत्तीतील दोष जाहीर केले. त्यांतील एक दोष आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. त्या ॲपच्या अभिलेखपालाने चिठ्ठीची पद्धत स्वीकारली होती खरी, पण चिठ्ठी एका फाइलपुरती न ठेवता आपल्या जवळजवळ संपूर्ण खोलीपुरती वैध ठेवली होती. त्यामुळे मोबाइलमधील दुसऱ्या एखाद्या दुष्ट ॲपला आतील माहिती वाचणे, इतकेच नव्हे तर तीत फेरफार करणेही शक्य होते. जगभरात शंभर कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतलेल्या ॲपची ही स्थिती होती. कंपनीने पुढे दुरुस्ती केली. भारतात मात्र हे ॲप तेव्हा बंदीखाली होते. ज्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये ते आधीपासून पडून असेल त्यांनी ते काढून टाकणेच उचित.

दुसरा दोष याच्या उलट बाजूचा, म्हणजे फाइल घेणाऱ्याचा. तो समजण्यास आवक विभागाचा दाखला पुरेसा आहे. बाहेरून एक लखोटा आला. आणणाऱ्याने त्यावर स्वतःच ‘आस्थापना, कायम नस्ती’ असे लिहिले होते. आवक लिपिकाने आत काय आहे हे न पाहता, आपला क्रमांक न घालता, आणणाऱ्याने लिहिलेल्या नावानुसार तो कागद त्या नस्तीत लावला आणि तेथील जुना कागद काढून टाकला, तर काय अनर्थ होईल? मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवून दिले की अँड्रॉइडवरील काही ॲप्स नेमके हेच करीत होती. दुसऱ्या ॲपने पाठविलेली फाइल ती त्या ॲपने सांगितलेल्या नावाने आपल्या खोलीत ठेवीत. नाव मुद्दाम घडवून दिलेले असेल तर आतील महत्त्वाची फाइल पुसली जाऊन तिच्या जागी परकी फाइल बसे. शाओमीच्या मोबाइलमधील फाइल सांभाळणारे ॲप आणि डब्ल्यूपीएस ऑफिस ही दोन बहुप्रचलित ॲप्स त्यांत सापडली. संशोधकांनी आधी संबंधित कंपन्यांना कळविले होते व दोघींनीही प्रसिद्धीपूर्वीच दुरुस्ती केली होती.

सामान्य वापरकर्त्यास असे दोष दिसत नाहीत. त्याच्या हाती दोनच गोष्टी आहेत : ॲप अधिकृत दालनातूनच घेणे, आणि ‘अद्ययावत करा’ ही सूचना आली की ती ढकलून न देणे. दुरुस्ती झालेली असते, पण ती आपल्या मोबाइलपर्यंत पोहोचलेली नसते, हीच बहुतेक वेळा अडचण असते.

व्हॉट्सॲप : वाट सुरक्षित, मुक्काम नव्हे

शासकीय कामकाज व्हॉट्सॲपवर चालू नये असे कागदोपत्री कितीही म्हटले तरी तालुका ते गाव हा व्यवहार आज बव्हंशी तेथूनच होतो, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. एप्रिल २०१६ पासून या सेवेतील संदेश पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत सांकेतिक स्वरूपात जातात. मधल्या मार्गावर तो कोणाला वाचता येत नाही. पण टपालाची पिशवी मोहोरबंद असली म्हणून पत्र पोहोचल्यावर चावडीवर वाचले जाणार नाही असे थोडेच आहे? पोहोचलेली छायाचित्रे अनेकांच्या मोबाइलमध्ये आपोआप ओसरीवर, म्हणजे छायाचित्रांच्या दालनात, जाऊन बसतात. तेथून ती छायाचित्रे पाहण्याची परवानगी मिळालेल्या दुसऱ्या कोणत्याही ॲपला दिसू शकतात. मुले खेळण्यासाठी मोबाइल मागतात तेव्हा त्यांनाही दिसतात. व्हॉट्सॲपच्या मांडणीत ‘मीडिया दृश्यता’ बंद करण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे लोकांचे कागद येतात त्यांनी ती आजच बंद करावी.

याबाबतीत दुसऱ्यास उपदेश करण्याचा प्रस्तुत लेखकास फारसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात नेमणुकीस असताना, सायंकाळच्या घाईत अनुदान वाटपाचे प्रसिद्धिपत्रक पत्रकारांच्या गटावर पाठवावयाचे होते. दोन फाइलींची नावे जवळजवळ सारखी होती. प्रसिद्धिपत्रकाऐवजी लाभार्थ्यांची यादी गेली, आणि यादीत नावांसमोर बँक खात्यांचे क्रमांक होते. काही मिनिटांनी चूक ध्यानी आली. संदेश सर्वांसाठी खोडला आणि सुटकेचा नि:श्वास टाकला. दुसऱ्या दिवशी एका तरुण वार्ताहराने भेटून सांगितले, “साहेब, कालची यादी मी आधीच उतरवून घेतली होती. आता पुसून टाकतो, पण तुम्हाला सांगितलेलं बरं.” त्याने सांगितले हा त्याचा चांगुलपणा. इतर किती जणांनी उतरवून घेतली असेल ते विचारण्यास तोंड नव्हते. त्या यादीतील एकाही शेतकऱ्याला हे आजतागायत माहीत नाही, आणि तीच गोष्ट अधिक बोचते.

खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक एकटा फारसे काही करू शकत नाही, असे कोणी म्हणेल. ते अर्धे खरे आहे. धोका जुळणीत असतो. २०२३ साली देशाच्या काही राज्यांत असे प्रकार उघडकीस आले की, नोंदणी कार्यालयांच्या संकेतस्थळांवरील दस्तांतून अंगठ्याचा ठसा आणि आधार क्रमांक मिळवून, ठशाची प्रतिकृती बनवून, आधारवर चालणाऱ्या व्यवहारातून खात्यातले पैसे काढले गेले. आधार क्रमांक एका ठिकाणाहून, खाते दुसऱ्या ठिकाणाहून, ठसा तिसऱ्या ठिकाणाहून असे तीन तुकडे एकत्र आले. म्हणून आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून आपले जैविक ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय वापरावी. लागतील तेव्हा ते उघडता येतात.

कोणता कागद गुप्त, कोणता नव्हे

सर्वच कागद लपवावेत असा याचा अर्थ नव्हे. सातबारा हा सार्वजनिक अभिलेख आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो कोणासही पाहता येतो. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याची फी १५ रुपये आहे, आणि तो खरा की खोटा हे त्यावरील संकेतचिन्हावरून पडताळता येते. असा उतारा व्हॉट्सॲपवरून गेला तर बिघडत काही नाही. उलट त्याचे छायाचित्र काढून पाठविले तर ती पडताळणीची सोय पुष्कळदा नष्ट होते, कारण फोटोत संकेतचिन्ह अस्पष्ट येते. मूळ फाइलच पाठवावी.

आधार, बँकेचे पासबुक, जातीचे व उत्पन्नाचे प्रमाणपत्र, दिव्यांगत्वाचे व आजाराचे कागद, विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती, यांची गोष्ट वेगळी. येथे शक्य तितके अवलोकनावर भागवावे आणि नक्कल टाळावी. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेले डिजिलॉकर याच तत्त्वावर उभे आहे. एखाद्या सेवेस तुमची गुणपत्रिका हवी असेल तर ती तुमची संमती मागते. तुम्ही गुप्त अंक घालून होकार दिला म्हणजे तो कागद तुमच्या लॉकरच्या मार्गे तेथे पोहोचतो. पुतण्याचा मोबाइल, मित्राचा संगणक, खिळ्याची छापील प्रत या मधल्या पायऱ्या लागतच नाहीत. यात एक बारकावा शिक्षकांनी पालकांना अवश्य सांगावा. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. मंडळाने, विद्यापीठाने वा परिवहन विभागाने ‘जारी केलेले’ कागद एका कप्प्यात असतात, आणि आपण स्वतः छायाचित्र काढून ‘चढविलेले’ दुसऱ्यात. २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात ते पहिल्या कप्प्यातील. पुष्कळ विद्यार्थी दुसऱ्या कप्प्यातील फोटो दाखवितात, आणि कार्यालय ते नाकारते तेव्हा डिजिलॉकर चालत नाही असा ग्रह करून घेतात.

आधारच्या बाबतीत पहिले आठ अंक झाकलेली प्रत अधिकृतपणे मिळते आणि ओळख पटविण्याच्या बहुतेक कामांस ती पुरते. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने ‘आधारची छायाप्रत कोणासही देऊ नका’ असे पत्रक काढले आणि गैरसमज होईल म्हणून केंद्र शासनाने ते दोनच दिवसांत, २९ मे रोजी, मागे घेतले. त्या दोन दिवसांत जो गोंधळ उडाला त्यावरून एवढे दिसले की, झाकलेल्या प्रतीची सोय आधीपासून असूनही पुष्कळांना ती ठाऊक नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने नवे आधार ॲप आणले. त्यात आपली संपूर्ण माहिती न देता आवश्यक तेवढाच तपशील संकेतचिन्हाद्वारे दाखविता येतो. उतरवून घेतलेल्या ई-आधारच्या फाइलला परवलीचा शब्द असतो हे खरे, पण तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरे व जन्मवर्ष. ज्या गावात सर्वांना सर्वांची नावे आणि वये पाठ आहेत तेथे त्या कुलपाचा कितपत भरवसा धरावा, हे वाचकांनीच ठरवावे.

यादी प्रसिद्ध करणे आणि यादी पसरविणे

ग्रामपंचायतींपुढे एक खरा पेच असतो. घरकुल किंवा अनुदानाचे लाभार्थी कोण, हे गावाला कळलेच पाहिजे. ग्रामसभेचा तो हक्क आहे आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचाही तोच आशय आहे. पण नाव, योजना व रक्कम सांगितली म्हणजे पारदर्शकता पूर्ण होते. तिला आधार क्रमांक आणि खाते क्रमांक यांची गरज नाही. २०१६ च्या आधार कायद्याचे कलम २९ कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास किंवा लावण्यास मनाई करते. तरीही एप्रिल २०१७ मध्ये झारखंड शासनाच्या निवृत्तिवेतनाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक वृद्धांचे आधार क्रमांक उघडे पडले. तेथेही हेतू लपवाछपवीचा नव्हता, यादी जशी होती तशी लावली गेली, एवढेच. आपल्याकडे गावच्या गटावर तक्त्याची फाइल ‘आपले नाव तपासून घ्या’ म्हणून टाकली जाते, तेव्हा याच चुकीची लहान आवृत्ती घडते. फाइल पाठविण्यापूर्वी दोन रकाने काढून टाकण्यास एक मिनिट लागते. रकाने नुसते लपवू नयेत, काढून टाकावेत. लपविलेला रकाना घेणाऱ्याला पुन्हा उघडता येतो.

शाळांमधूनही हे घडते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वर्गाच्या गटावर पालक मुलांचे आधार आणि आपले पासबुक टाकतात, आणि चाळीस घरांना एकमेकांची खाती कळतात. शिक्षकांनी एवढेच सांगावे की कागद गटावर नको, स्वतंत्रपणे पाठवा किंवा शाळेत आणून दाखवा. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानतो, आणि काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी अंमलात यावयाच्या आहेत. वैयक्तिक गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच दिलेला आहे.

मेळघाटची अडचण

हे सारे सांगताना धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचे स्मरण ठेवावे लागते. २०१६ साली डिजिटल गाव म्हणून हरिसालचे नाव देशभर झाले. पण मेळघाटातील डोंगरांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे अनेक पाड्यांवर आजही नसते. डिजिलॉकर उघडण्यास इंटरनेट लागते, तेव्हा तेथे ‘लॉकर वापरा’ म्हणणे पुरेसे नाही. अशा वेळी शेजारच्या मोबाइलवर थेट फाइल पाठविण्याची अँड्रॉइडमधील ‘क्विक शेअर’ ही सोय उपयोगी पडते. ती २०२० मध्ये ‘निअरबाय शेअर’ या नावाने आली व २०२४ मध्ये तिचे नाव बदलले. यात फाइल इंटरनेटवर न जाता हातभर अंतरावरील मोबाइलमध्ये जाते. घेणाऱ्याने होकार दिल्याशिवाय ती उतरत नाही. मात्र ‘सर्वांकडून घ्या’ ही मांडणी कायम चालू ठेवू नये, काम झाले की बंद करावी. बाजाराच्या दिवशी गर्दीत नाव वाचूनच होकार द्यावा, कारण सारख्या नावाचे मोबाइल आजूबाजूला असू शकतात.

येणाऱ्या फाइलबद्दलही चार शब्द. शेतकऱ्यांच्या सन्मान निधीचे नाव घेऊन, वाहनाच्या दंडाची पावती म्हणून, इतकेच काय लग्नपत्रिका म्हणूनही व्हॉट्सॲपवर फाइली येतात आणि निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांनी त्यांबाबत इशारे दिले आहेत. कागदाच्या फाइलच्या नावाचा शेवट ‘पीडीएफ’ असा असतो, छायाचित्राचा ‘जेपीजी’. ज्या फाइलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा आहे तो कागद नव्हे, ते ॲपच आहे. ते बसविले आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की बँकेकडून येणारे संदेश परक्याच्या हाती जातात. शासनाची कोणतीही योजना अशी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवीत नाही.

अशी फाइल चुकून उघडली गेलीच, तर प्रथम मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या मोबाइलवरून बँकेस कळवून खाते गोठवावे आणि १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळविले जाण्यापूर्वी ते अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. घाबरून तो संदेश आणि ती फाइल खोडून टाकू नये. पोलिसांना तपासासाठी तेच लागते.